दाराकडे तोंड केलेली पिल्लं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या केंद्राच्या संचालक डॉ. मार्गो स्टेन्टन, टॅमवर्थहून एवढ्या थंडीत गाडी हाकत आलेले प्रमुख पाहुणे श्री. कीथ रंडल, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती श्रीमती ग्लेनिस हॉपगुड, त्यांचे यजमान मर्व्ह, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मागच्या टेबलावर लॅमिंग्टन केक मांडून ठेवलेत आणि निम्म्या सभागृहाचं लक्ष तिकडे आहे, याची मला कल्पना आहे. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ग्लेनिस म्हणाल्या, पाच पुरेत, तुझं सगळं मला पाठ आहे. पण एक गोष्ट मी तेवीस वर्षं कुणाला सांगितलेली नाही. आज सकाळी त्यांची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, "सांग. पण रडगाणं गाऊ नकोस."

मी या पठारावर आलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. पिल्लांची खोली ग्लेनिसबाईंच्या ताब्यात होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्यांचा नियम ऐकवला. एका दिवसाचं पिल्लू कधी एकटं ठेवायचं नाही. पेटीत दोन ठेवायची आणि एकाच्या डोक्यावर काळ्या पेनानं ठिपका द्यायचा. ज्याच्यावर ठिपका त्याच्यावर प्रयोग, दुसरं नुसतं सोबती. ठिपका द्यायचं काम त्या स्वतः करत, आणि प्रत्येक पिल्लाला आधी "माफ कर हं" म्हणत. मला हसू यायचं. अजूनही येतं, पण आता वेगळ्या कारणानं.

माझा प्रयोग नेमका त्या नियमाच्या विरुद्ध होता. ताणाखाली कोवळ्या मेंदूत कोणती रसायनं वाढतात, हे मला शोधायचं होतं. सोबत्याला उचलायचं, पिल्लाला तीन मिनिटं एकटं ठेवायचं, आणि ते किती वेळा ओरडतं ते मोजायचं. कोंबडीचं पिल्लू एकटं पडलं की जीव तोडून ओरडतं. तीन मिनिटांत दोनशे, अडीचशे वेळा. ओरडणं जास्त तर ताण जास्त, ओरडणं कमी तर ताण कमी. आमच्या क्षेत्रात सगळे असंच मोजत. ग्लेनिसबाई पाठ फिरवून उभ्या राहत, आणि तीन मिनिटं संपली की सोबत्याला परत ठेवायला त्यांचा हात माझ्याआधी पोचे.

मग आमच्या हाती सतरा नंबरचं औषध आलं. एक थेंब दिला की पिल्लू गप्प. दोनशेचे चार झाले, चाराचे शून्य. आम्ही तर हवेत होतो. एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फोन केला. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत एकटी रडतात, त्यांना हे देता येईल का? शुक्रवारपर्यंत त्या प्रस्तावावर माझी सही हवी होती. कागद माझ्या टेबलावर होता.

बुधवारी ग्लेनिसबाई माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत.

"रॉस, ती पिल्लं शांत नाहीत. ती कान देऊन बसलीयत."

मी हसलो असेन. म्हणालो, ग्लेनिस, मोजता येतं तेवढंच बोलू या.

"मग मोज ना. तू ओरडणं मोजतोस. ओरडलं नाही म्हणजे काही होत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

आणि मग उभ्या उभ्या त्यांनी मला सांगितलं. त्या अनाथालयात वाढल्या, हे तोवर इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांच्याकडे तान्ह्यांच्या खोलीतली फरशी पुसायचं काम होतं. नवं बाळ आलं की तीन दिवस रडायचं. कुणी उचलायचं नाही. चौथ्या दिवशी गप्प. बाहेरून पाहुणे येत आणि म्हणत, किती गुणी बाळं! "अठरा पाळणे होते," त्या म्हणाल्या. "फरशी पुसताना मान वर केली की अठराही जणांचे डोळे उघडे. आवाज नाही. तुझ्या खोलीत आता तसं वाटतं. चल, दाखवते."

योगायोग म्हणा, आमच्या टेबलावरही त्या दिवशी अठराच पेट्या होत्या. भिंती जाड, काळ्या, पिल्लाला बाहेरचं काही दिसू नये म्हणून. मी वरून डोकावलो. औषध दिलेली अठरा पिल्लं, अठरा पेट्यांत एकेकटी, ताठ उभी, डोळे सताड उघडे. आणि सगळ्यांची तोंडं एका बाजूला, दाराकडे.

मी शास्त्रज्ञ माणूस. म्हटलं, उजेड त्या बाजूनं येत असेल. दिवे बदलले. टेबल गोल फिरवलं. दोघंही बाहेर जाऊन दहा मिनिटं पॅसेजमध्ये उभे राहिलो. परत आलो तेव्हा अठराही पिल्लं जागच्या जागी वळलेली होती, पुन्हा दाराकडे. चोच एकानंही उघडली नाही. सभ्य गृहस्थहो, मी घाबरलो. दिवसाउजेडी, मुठीएवढ्या पिल्लांना मी घाबरलो, आणि हे सांगायला मला तेवीस वर्षं लागली.

त्याच दुपारी आम्ही मेंदू तपासायला घेतले. त्यासाठी पिल्लांचा जीव घ्यावा लागतो, हे इथे सगळे जाणतात आणि त्यावर कुणी बोलत नाही. ग्लेनिसबाईंनी प्रत्येक पिल्लू शेवटपर्यंत स्वतःच्या हातात धरलं. शुक्रवारी सकाळी आकडे आले. ओरडणाऱ्या पिल्लांच्या मेंदूत ताणाचं रसायन चढलेलं होतं, पण सोबती परत मिळाला की पाव तासात ते निम्म्यावर यायचं. गप्प पिल्लांच्या मेंदूत ते त्यांच्या दीडपट होतं. सोबती दिला तरी उतरत नव्हतं. औषधानं भीती नेली नव्हती, फक्त आवाज नेला होता.

मी सही केली नाही. माझी सही झाली असती तर कुठल्याशा दालनात रांगेनं काचेच्या पेट्या असत्या, आणि बाहेरून बघणारा प्रत्येक जण म्हणाला असता, किती शांत निजलीयत. ग्लेनिस, तुम्ही माझं नाव राखलंत असं आता लोक म्हणतील. नावाचं सोडा. त्या बाळांचं काय केलं असतं मी?

पण दाराकडेच का, हे कोडं उरलं. एका दिवसाच्या पिल्लांना दार काय ठाऊक? पुढल्या वर्षी ग्लेनिसबाई शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे रजेवर गेल्या. त्या काळात निघालेली पिल्लं वाटेल तिकडे तोंड करून बसायची. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी अंडी उबवायच्या खोलीचं, मग पिल्लांच्या खोलीचं दार उघडताना या बाई म्हणतात, "चला, उठा, आले मी." अंड्यातलं पिल्लू शेवटच्या दिवसांत कवचाआडून ऐकतं. दार वाजतं आणि हा आवाज येतो, एवढंच जग त्यांना जन्माआधी माहीत होतं. ग्लेनिस, ती अठरा पिल्लं तुमची वाट बघत होती. हाक मारायचा आवाज आम्ही काढून घेतला होता, म्हणून नुसती बघत होती.

आता आज सकाळचं सांगतो आणि बसतो. ग्लेनिसबाई आपलं कपाट आवरत होत्या, म्हणून त्यांच्याऐवजी नऊ वाजता मी पिल्लांच्या खोलीत गेलो. एकशेवीस पिल्लं एकत्र, औषध कुणालाच नाही. बाहेर पॅसेजपर्यंत कलकलाट ऐकू येत होता. मी दार उघडलं आणि तो थांबला. सगळी दाराकडे वळली. मी म्हणून पाहिलं, "चला, उठा, आलो मी." एकही हललं नाही. सवयीनं मी घड्याळ बघितलं. तीन मिनिटं एकही आवाज झाला नाही. मग मी हळूच दार लावून घेतलं.

हे ग्लेनिसबाईंना सांगितलं तेव्हा त्या कपाटातून मान न काढता म्हणाल्या, "मंगळवारी नवी निघायचीयत ना? आजपासून अंड्यांशी बोलायला लाग. मोठ्यानं. लाज सोड." तर चहा झाला की मी तिकडे जाणार आहे, आणि पॅसेजमधून जाणाऱ्यांनी कृपया हसू नये.

मर्व्ह, मासेमारीचा गळ आणि घडीच्या दोन खुर्च्या आम्ही दिल्यात. समुद्रकाठी दोन्ही खुर्च्या जवळजवळ मांडा. नियम तुम्हाला माहीत आहे.

अध्यक्ष महोदयांनी वेळेकडे कानाडोळा केला, पाहुण्यांनी आणि तुम्ही सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, सगळ्यांचा मी ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ग्लेनिस, आता मी खाली बसेन आणि गप्प होईन. त्यावरून मी शांत आहे असं इथल्या बाकीच्यांना वाटेल. तुम्हाला वाटणार नाही, हे मला माहीत आहे.