वाळ्याची ताटी

(वडनेर. हायवेच्या कडेचं घर. अंगणात लोण्याचा थंडा ट्रक. रूपराव टपावर, त्याची बायको मनकर्णाबाई बादली घेऊन शिडीवर.)

रूपराव : कोनतं भूत शिरलं होतं वं तुह्या आंगात? ट्रकच्या मशीनले वाळ्याची ताटी बांधली!

मनकर्णाबाई : भूत कायचं? घरच्या कूलरले नाई बांधत का आपन? पानी मारलं का गार हवा देते. मले वाटलं, हेही थंडीचंच मशीन.

रूपराव : अवं, हे मशीन डब्यातली गरमी ह्या जाळीतून बाहेर फेकते. त्याले मोकळी हवा लागते. तू त्याच्या नाकातोंडावर ओलं गोधडं टाकलं. येता-जाता हिंगणघाटच्या जिनिंगपाशी उडते ते सारी रुई ह्या जाळीत बसून होती. त्यावर तुह्या बादल्या. पाह्य, भित लिपल्यावानी झालं!

मनकर्णाबाई : हळू बोला. शेजारची अनुसयाबाई कुडाजवळ उभी हाये.

रूपराव : राहू दे उभी. तिनं नाई ना बांधली ताटी. फणी दे तुही.

मनकर्णाबाई : डोक्याची? काऊन?

रूपराव : पत्त्या वाकल्या जाळीच्या. सरळ करा लागतीन.

मनकर्णाबाई : घ्या. दात तोडू नोका, माहेरची हाये.

रूपराव : माहे दात तुटाची येळ आली, हिले फणीची पडली. ओत पानी. हळू... अजून.

मनकर्णाबाई : बोला, काय बोलाचं ते. हैदराबादपासून रातभर जागून आलते तुमी. डोळा लागला का हे मशीन बंद पडे, का तुमी धडपडत उठा. चार डाव पाह्यलं मी. मनलं, हे गार राह्यलं तं मानूस घडीभर झोपन.

रूपराव : झोपलो ना. मेल्यावानी झोपलो. दाराजवळच्या पेट्या पाह्यल्या? लोण्यात बोट घुसून राह्यलं. मालकानं मांगंच सांगतलं, अजून एकडाव माल खराब झाला तं चाबी ठेवून घरी जाय.

मनकर्णाबाई : ...आतल्या पेट्यांतलं तं कडक असन?

रूपराव : आतलं हाये अजून. सरक, चालू करून पाह्यतो. ...चाल रे बाप्पा, चाल. ...आयक. धरलं त्यानं. गरमीचा काटा पाह्य खालून.

मनकर्णाबाई : उतरून राह्यला. हळूहळू उतरून राह्यला!

रूपराव : आतलं वाचलं मंग. दाराजवळचं गेलं.

मनकर्णाबाई : मालकाले टरंककॉल करा. सांगा, बायकोनं केलं. मी काय त्याची नोकर हाओ थोडीच?

रूपराव : तो पुसन, बायको टपावर चढली तवा तू कुठी होता?

मनकर्णाबाई : मंग सांगा ना, झोपलो होतो मनून. मानूस झोपत नाई का?

रूपराव : तेवढंच सांगता येत नाई, मनकर्णे. मालावर जागाचाच पगार देते तो. ...जाय, च्या ठेव. कडक कर. नागपूर लांब हाये अजून.