दळी सरांच्या हातची फाइल

मंडळी, एक विचारतो. आपल्या माणसाच्या हातचं काही जुनं घरात आहे, तो माणूस आता नाही, आणि दाराशी नवं येऊन उभं राहिलं. काय करावं? जुनं धरावं की नवं घ्यावं? थांबा, लगेच माना हलवू नका. आधी हेमांगी शेंबेकरकडे जाऊ.

ही हेमांगी रक्तपेढीचा सर्व्हर सांभाळते. गार खोलीतलं एक यंत्र. कुठल्या लेकराला कुठलं रक्त सोसतं, सगळं त्याच्या पोटात. वर डोंगरवाडीच्या केंद्रात दर गुरुवारी चार वाजता सात मुलं रक्त घ्यायला येतात. त्यांची यादी इथून वर जाते.

आणि हेमांगीनं गुरुवारीच, दुपारी एकला, यंत्राची अख्खी प्रणाली बदलायला काढली. तासाभराचं काम, म्हणाली! आपण सगळे असंच म्हणतो. आज्ञा लिहिली, शेवटी 'हो' जोडून दिलं. विचारशील त्याला आधीच हो. जावई पहिल्यांदा सासरी जेवायला बसतो ना, तसं.

पॅकेज मॅनेजर कामाला लागला. हा यंत्राचा कोठारी — जुनं उतरवतो, नवं चढवतो. पडद्यावर नावं वर सरकू लागली… शंभर… दोनशे… वाचायला जावं तर गेलेली. पंख्याची घरघर. हेमांगीला वाटलं, आपण नदीकाठी बसलोय, पाय पाण्यात आहेत, पाणी आपल्याला विचारत नाही, नुसतं जातंय…

नदी थांबली. एका प्रश्नाला आधीचं 'हो' पुरेना.

*या फाइलीत तुमच्याकडं कुणी बदल केलेत.*
*नवी घेऊ?*
*जुनी ठेवू?*
*फरक दाखवू?*

फाइल डोंगरवाडीशी जोडणी कशी ठेवायची, त्या नियमांची. आणि कुणी म्हणजे दळी सरांनी. तिला हे काम शिकवणारे. दोन वर्षांमागं गेले.

फोन वाजला. डोंगरवाडीच्या मालनताई. "हेमांगी, यादी दिसंना गं. पोरं निघालीत घरून."

"ताई, थोडं थांबा."

"मी थांबते. रक्त थांबतंय होय?"

जुनी ठेवावी, सरांची आहे. बोट तिकडं गेलं. पण नव्या प्रणालीला जुनी बोली कळली नाही तर? मग नवी… तर सरांचं काय? बोट हवेत. असं किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही.

शेवटी तिनं फरक मागितला.

दोन्ही फाइली समोरासमोर उलगडल्या. सरांच्या बहुतेक ओळी खरोखरच कालबाह्य. नव्यात त्या चालल्याच नसत्या. पण एका ओळीच्या डोक्यावर यंत्र वाचत नाही अशी, माणसासाठी ठेवलेली टीप होती:

*# डोंगरवाडीची लाइन हळू आहे. पाच मिनिटं वाट पाहा. तोडू नका.*

नव्या फाइलीत वाट पाहणं होतं तीस सेकंद.

हेमांगीनं नवी घेतली. कोठाऱ्यानं सरांची फाइल फेकली नाही, नावापुढं 'जुनी' लावून शेजारी ठेवली. मग तिनं नव्यात स्वतःच्या हातानं पाच मिनिटं लिहिली. वर टीपही.

पावणेचार. मालनताई म्हणाल्या, "आली यादी. सावकाश आली, पण आली."

तर मंडळी, जुनं की नवं, हा प्रश्नच अर्धा. सुनेनं काही बदललं की आपण जुनं धरतो, मुलगा जुन्यावर अडला की नवं लादतो. दोन्ही समोरासमोर मांडून, ओळ न् ओळ, शेवटचं कधी पाहिलंत? घरी जा. आणि तुमच्याकडं कुणाची लाइन हळू आहे, ते आज शोधा.