गाढव परत कसं येणार?

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या कंपनीच्या मालकीणबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, खुर्च्यांत बसलेले आणि खुर्च्या संपल्यामुळे खिडकीत बसलेले माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेतून मला आत्तापासूनच घड्याळ दाखवणारी माझी सौभाग्यवती, सर्वांना माझा नमस्कार.

पाहुण्यांनी मघाशी माझा उल्लेख थोर चित्रकार असा केला. माझी छाती फुगली आणि बायकोने कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मी या कंपनीच्या एकुलत्या एका कॉम्प्युटर गेमसाठी झाडं, भिंती, विहिरी, थोडी माणसं आणि एक गाढव काढलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते गाढव. त्यावरून माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात, हे मला ठाऊक नाही असं समजू नका.

आपण जाणताच, तो गेमही आज माझ्याबरोबरच निवृत्त होतोय. निरोपाची भेट काय देऊ, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, घड्याळ नको, माझी चित्रं द्या. त्यांनी मोठ्या मनाने सगळे हक्क मला देऊन टाकले. गेम बंद पडला की त्यातली चित्रंही मरतात, आणि ते काही मला सोसवत नव्हतं. म्हणून मी ऐटीत जाहीर केलं, सगळी चित्रं इंटरनेटवर खुली करतो, कुणीही घ्या, आपल्या गेममध्ये वापरा.

पण मंडळी, बोलणं सोपं, देणं अवघड. चित्रांबरोबर एक परवाना लावावा लागतो. घेणाऱ्याने काय करावं आणि काय करू नये, ते त्यात असतं. तयार नमुने मिळतात, आपण फक्त निवडायचा. मला कोणता आवडला असेल? अर्थात ज्यात सर्वांत जास्त अटी होत्या तो! माझं नाव द्या. धंदा करू नका. चित्रात काडीचाही बदल करू नका. उद्या कुणी आयत्या बिळावर नागोबा होऊन माझं गाढव जांभळं केलं तर? बायको म्हणाली, ताट वाढायचं आणि हात लावू नका म्हणायचं, याला जेवायला बोलावणं म्हणत नाहीत. पण सुंभ जळला तरी पीळ जातो का?

मग मी आमच्या खटपट्याकडे गेलो. खटपट्या म्हणजे आमचा प्रोग्रामर, माझी चित्रं पडद्यावर चालवणारा. त्याला म्हटलं, हे सगळं चढव. त्याने अटी वाचल्या आणि मान खाली घालून बराच वेळ हसत बसला.

मग म्हणाला, "काका, गाढव परत कसं येणार?"

मला काही कळेना. तेव्हा त्याने माझी मूळ चित्रं एकामागून एक उघडून दाखवली. गाढव उजवीकडे. कोंबडी उजवीकडे. विहिरीवरची म्हातारी, तीही उजवीकडे. नोकरीभर मी एकही तोंड डावीकडे वळवलं नव्हतं, कारण मला ते जमतच नाही. आमचं गाढव विहिरीवरून घरी यायचं, ते खटपट्याने माझं चित्र आरशातल्यासारखं उलटं फिरवल्यामुळे. आणि मी मात्र गेम बघून मनात म्हणायचो, डावी बाजू काय सुरेख साधलीय मी!

म्हणजे माझ्या अटी पाळायच्या, तर माझं गाढव कुठल्याही गेममध्ये उजवीकडे जाणार, भिंतीला नाक लावणार आणि जन्मभर तिथेच उभं राहणार. आधी मला हसू आलं. मग गलबलून आलं. भिंतीला नाक लावून उभं असलेलं ते गाढव माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

आज सकाळी मी परवाना बदलला आणि खटपट्याने चित्रं इंटरनेटवर चढवली. आता अट एकच, नाव द्या. बाकी बदला, रंगवा, विका, उलटं करा. आणि नाव माझं एकट्याचं नाही, शेजारी खटपट्याचंही आहे. तो नको नको म्हणत होता, पण परवाना निवडणारा मी.

जेवणाच्या सुट्टीत त्याने मला हाक मारून पडदा दाखवला. कुणा अनोळखी माणसाने गाढव उचललं होतं. जांभळं केलं होतं. ते डावीकडे चाललं होतं, आणि खाली आमची दोघांची नावं होती. समारंभाला आलेल्या बायकोलाही ते दाखवलं, तर जांभळं जास्त बरं दिसतं, असं तिचं मत पडलं.

बाईंचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ मला सहन केल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा कराच, पण जमलं तर दुरुस्तही करून घ्या. आजपासून माझी हरकत नाही.