मुठीला दोन वेढे

(बहारीन. मनामा शहरातला गुदैबिया भाग. शुक्रवारची, सुट्टीची दुपार. कामगारांच्या खोलीत टीव्ही आणि मागून आणलेला व्हिडिओ. गणपत रातपाळीहून आलेला. त्याचा मेव्हणा रावजी गावाकडची सुट्टी संपवून सकाळीच परतलाय.)

गणपत : मान फिरवू नगंस, हितंच तर खरी गंमत हाय! ह्या गोऱ्यानं दोर मुठीला कसा गुंडाळला बघ. एक येढा... दुसरा... आन् वरनं बुक्की मारून घट्ट केला. बघितलंस?

रावजी : बघितलं, दाजी. बंद करा आता.

गणपत : बंद करा म्हणं! शेजारच्या खोलीतल्या अलीमियाँच्या हातापाया पडून व्हिडिओ आणलाय, खास पाव्हण्यासाठनं. ह्यो पिक्चर मी किती येळा बघितला आसंल. इंग्रजी आपल्याला मफी, कायबी येत न्हाई, पर बैल तर कळतोय की! माजलेल्या बैलावर बसायचं आन् आठ शेकंद टिकायचं. आठ! तेवढ्यात गावाकडचा आपला हरण्या बैल शेपूट बी हलवायचा न्हाई.

रावजी : जेवून घ्या आधी. रातभर साइटवर हुता तुमी.

गणपत : जेवतो रं. रखमानं चटणी दिली आसंल, काढ की.

रावजी : काय दिलं न्हाई आक्कानं.

गणपत : काय न्हाई? दरसाली लाडू, चटणी, कुरड्या... समदी खोली वाट बघत आसती. बरं, शिदूनं टेप भरून दिली आसंल?

रावजी : न्हाई, दाजी. गडबड झाली.

गणपत : कसली गडबड! मामा सुट्टीवर आला म्हणून भाचा हुंदडला आसंल नुसता. एकोणीस वर्साचा घोडा झालाय... आरं, हे बघ, हे बघ, पडला! हात अडकला दोरात. फरपटतोय बघ कसा... रावजी, तू खाली का बघतोस रं? बायकांगत!

रावजी : बघवत न्हाई मला.

गणपत : आरं मरत न्हाई त्यो. आता ते तोंड रंगवल्यालं सोंगाडे कसं पळत येत्यात बघ. एकजण बैलाच्या म्होरं नाचतोय, दुसऱ्यानं दोर सोडवला. हां! उठला गडी. टोपी झटकतोय! त्येची बायको वरडती, सोड आता ह्यो धंदा. ऐकतोय व्हय त्यो? कंबर मोडली, दात पडलं, तरी पुन्यांदा बैलावर. ह्याला म्हणायचं नाद!

रावजी : आपल्याकडं सोंगाडे नसत्यात, दाजी.

गणपत : आपल्याला कशाला पायजेल? आपण बैलावर बसतोय व्हय? छकड्यात उभं ऱ्हायचं, कासरा धरायचा. आता ध्यान देऊन ऐक, म्हणून तर मी म्हणलं, आधी पिक्चर बघू, मग शर्यतीचं सांग. गेल्या जत्रंत काय झालं? घामानं कासरा हातातनं निसटला आन् शिदू दुसरा आला. हातभरानं! जेवलं न्हाई म्हणं पोरगं दोन दिस. मी हितं लई तळमळलो. त्या सौदीच्या पुलाच्या कामावर उन्हात भाजून निघतोय कशापायी? त्येच्या बैलास्नी पेंड कमी पडू नये म्हणून. आन् मग हे बघितलं. म्हणलं, शाबास! लगीच टेप भरून गावाकडं धाडली. शिदू बाळा, कासरा नुसता धरू नगं, मुठीला दोन येढं दे. अमेरिकेतलं गडी आसंच करत्यात. आता सांग. म्हसोबाच्या माळावर कितवा आला?

रावजी : दाजी...

गणपत : कितवा रं?

रावजी : पहिला.

गणपत : पहिला! आगं आई गं! पहिला! आन् तू सकाळधरनं मुक्यागत बसलाईस? अलीमियाँ! ओ अलीमियाँ, इधर आओ! अपना शिदू पहिला आया! शाम को सबको चाय मेरी तरफ से!

अलीमियाँ : क्या हुआ, गणपत भाई? शिदू...? रावजी भाई, तुमने अभी तक बताया नहीं?

गणपत : क्या बताया नहीं?

अलीमियाँ : या अल्ला. गणपत भाई, पहले ये टीवी बंद करो. मैं बाहर बैठता हूँ. दरवाज़े पर ही हूँ.

गणपत : रावजी. ह्यो काय म्हणतोय?

रावजी : छकडा पहिला आला, दाजी. छकड्यात कुणी नव्हतं.

गणपत : कुणी नव्हतं म्हंजी? आन् शिदू?

रावजी : खाली हुता. चाक धोंड्यावर चढलं आन् उडाला. बैलं थांबली न्हाईत. निशाणापातूर तसंच घिऊन गेली त्येला.

गणपत : दवाखान्यात हाय न्हवं? हात मोडला आसंल. पाय मोडला आसंल. तरणं हाड हाय, जुळंल. बोल की रं!

रावजी : मिरजेला न्यायला जीप काढली. डोकं माझ्या मांडीवर हुतं. मधीच म्हणला, मामा, पहिला आलो न्हवं? म्या व्हय म्हणलं. मग न्हाई बोलला. मिरज आलीच न्हाई, दाजी.

गणपत : खोटं. खोटं बोलतोईस. तार आली आसती.

रावजी : आक्का नगं म्हणली. म्हणली, इंग्रजी तार, कोण तरी परका वाचून दावंल त्यास्नी. तू जाणारच हाईस, तू तोंडानं सांग, जवळ बसून.

गणपत : आन् तू बसलास! मी हितं दात काढून हसतोय, आन् तू मला हसू दिलंस?

रावजी : माझाबी भाचाच हुता की त्यो. विमानात समदं घोकून आलो हुतो. तुमी दार उघडून शिदू कसा हाय म्हणला, आन् समदं इसरलो.

गणपत : फोरमनला गाठतो. पासपोर्ट मागतो. पाया पडतो त्येच्या. आजच्या आज...

रावजी : कशासाठनं, दाजी? समदं उरकलं. राखसुदिक नदीला गेली.

गणपत : तोंड बी न्हाई दिसलं मला. तीन वर्सं झाली रं त्येचं तोंड बघून. मिशी फुटली आसंल.

रावजी : फुटली हुती.

गणपत : रखमा काय करती?

रावजी : गोठ्यात जाऊन बसती. आन् तुमची टेप लावती. 'शिदू बाळा' म्हणताय तेवढं ऐकती आन् बंद करती. मागं फिरवती, पुन्यांदा तेवढंच ऐकती. फुडचं ऐकत न्हाई.

गणपत : फुडचं... फुडं मी कासऱ्याचं सांगितलंय.

रावजी : पाणी देऊ का, दाजी?

गणपत : नगं. रावजी, माझ्याकडं बघ. कासरा मुठीला गुंडाळला हुता का त्यानं?

रावजी : न्हाई, न्हाई! मोकळाच हुता हातात. आक्काची शप्पत.

गणपत : मोकळा आसता तर सुटलं आसतं रं पोरगं.