बादलीतला नमुना

मी, ठोकळ्यांच्या कारखान्यातली तपासनीस, वय ५४, धंदा नोकरी, राहणार कारखान्यामागच्या दोन खोल्यांत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

कारखाना माझा धाकटा भाऊ चालवतो. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. बॉयलरमध्ये भुसा आणि लाकूड जाळून उरलेली राख चाळून आम्ही सिमेंटमध्ये मिसळतो आणि भिंतीचे ठोकळे पाडतो. राख किती घालायची ते मी ठरवलेलं आहे, त्यावर चिमूटभरही नाही. मिक्सरच्या तोंडाशी उभं राहून मिश्रण घ्यायचं, त्याचे चाचणीचे चौकोनी ठोकळे पाडायचे, अठ्ठावीस दिवसांनी ते किती भार सोसतात हे यंत्रात दाबून, फोडून पाहायचं आणि मगच मालाच्या दाखल्यावर सही करायची, हे माझं काम.

गेल्या वर्षी माझा गुडघा धरला. भाऊ म्हणाला, "ताई, मिक्सरचा जिना कशाला चढतेस? नमुना मीच खाली आणून देतो." तेव्हापासून रोज सकाळी तो स्वतः बादली आणायचा. असा भाऊ सगळ्यांना मिळो, असं मी शेजारणींना सांगत सुटले होते.

आमच्या ओळखीच्या गवंड्याने स्वतःच्या घरासाठी हे ठोकळे घेतले. आधी तो म्हणाला होता, "बाई, राखेचं घर राखेलाच मिळायचं." मी हसून दाखला त्याच्या हातात ठेवला.

परवा सकाळी साडेदहाच्या सुमारास त्याची भिंत त्याच्यावर कोसळली. डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्यापासून काढला. मी जागेवर गेले. पडलेला ठोकळा बोटांनी चुरला, चुरा ग्लासभर पाण्यात टाकला. अर्धवट जळालेला कोळसा वर तरंगला. चाळलेल्या राखेत तो नसतो. माझ्या बादलीत तो कधीच नव्हता. म्हणजे माझी बादली वेगळी कालवली जात होती.

काल दुपारी भाऊ घरी आला. म्हणाला, "गवंड्यानं भिंतीला पाणीच मारलं नाही, असं सांग. नाहीतर सही तुझी आहे, ताई."

मी विचारलं, "आणि बादली?"

"तुझा गुडघा दुखत होता ना," तो म्हणाला.

त्याने केसाने माझा गळा कापला. गवंडी भिंतीला दोन्ही वेळा पाणी मारत होता, हे मी येता-जाता पाहिलेलं आहे. दाखल्यावरची सही माझीच आहे. मिश्रण मात्र मी वर्षभर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. दोन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात.

जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. तरीही मी कागद मागून घेतला, पहिल्या ओळीपासून स्वतः वाचला, आणि मगच खाली सही करत आहे.