उंटांसाठी चोवीस मुठी

पोर्तो रिकोतल्या एका डोंगरगावात शाळेच्या कचेरीपुढं रांग लागली होती. ओदालिसच्या पुढंच एक सासू-सून उभ्या होत्या. सून आपल्या मुलीचं, नायलीनचं, नाव शाळेतून काढायला आली होती. ओदालिसनं कान टवकारले.

"घरी काय शिकवणार गं तू? सणवार?"

"हो, सणवारच. तीन राजांच्या सणाला, राजे रात्री पोरांना भेटी घेऊन येतात तेव्हा, नायलीननं त्यांच्या तिन्ही उंटांना आठ-आठ मुठी गवत ठेवलं. चोवीस झाल्या, हे तिचं तिनंच काढलं, आई."

"ती गंमत झाली."

"सहा महिने वर्गात तिनं तोंड उघडलं नाही. राजांना मात्र भेटी मागायला पानभर पत्र लिहिलं."

"रोज सण नसतो, यारित्सा. तीस वर्षं शिकवलंय मी."

"नसेल त्या दिवशी परसातल्या कोंबड्यांची अंडी मोजू. पण पोरगी पुन्हा इथं रडत येणार नाही."

खिडकीशी त्यांची पाळी आली.

"घरी कोण शिकवणार?" कारकुनानं विचारलं.

"मी."

"तुम्ही स्वतः कितवी शिकलात?"

"नववी."

कारकून हसला. यारित्साची मान खाली गेली. तिला बाजूला सारून सासू खिडकीशी वाकली.

"एफ्राइन, पहिलीत तुझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तुला वाचायला मी माझ्या स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. मुकाट्यानं शिक्का मार."