खिडकीकडची पट्टी

फरशीच्या दुकानातल्या रांगेत एक सुतार उभा होता. पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं सुताराला ऐकायचं नव्हतं, पण कान थोडेच मिटता येतात?

"खोली तीन पॉइंट दोन बाय दोन पॉइंट पाच मीटर. तीन दुणे सहा. पॉइंट दोन गुणिले पॉइंट पाच, पॉइंट एक. झाले सहा पॉइंट एक."

"अहो, हा मोठा चौकोन आणि एक कोपरा झाला. दोन पट्ट्या राहिल्या."

"कुठल्या?"

"दाराकडची, पॉइंट दोन गुणिले दोन, पॉइंट चार. खिडकीकडची, तीन गुणिले पॉइंट पाच, दीड. सगळे मिळून आठ."

"खरंच की! सुटलंच नजरेतून."

"खिडकीला लागूनच माझ्या आईची खाट येणार आहे."

"अगं, मुद्दाम नाही सोडलं."

"मुद्दाम म्हटलं कुणी?"